चेअरमनचे सारखे वाटे

तारीख १९ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी अकरा. ठिकाण भंडारा, आमच्या दवाखान्याची मागची खोली. हजर: पोटविकाराचे आमचे डॉक्टर, औषध कंपनीच्या वतीने कागद तपासायला हैदराबादहून आलेला मॉनिटर, अभ्यासाची समन्वयक म्हणून मी, सिहोऱ्याच्या अंगणवाडी ताई, एकोडीचे राइस मिल चालवणारे भाऊ, आणि दिघोरीचे चेअरमन. शेवटच्या तिघांना त्या खोलीत कोणी बोलावलेलं नव्हतं. ते दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, पण आमच्या त्या दाराला कडी लागत नाही.

त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर आधी चेअरमन सांगावे लागतील.

दिघोरीकडच्या एका तलावावर मासेमारांची सोसायटी आहे, तिचे ते चेअरमन. निवडणूक दर वेळी व्हायची आणि दर वेळी तेच निवडून यायचे, कारण दुसरं कोणी अर्ज भरत नसे. वय साठीच्या आसपास, अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, खिशात दोन पेनं आणि कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाच्या डबीत सोसायटीचा शिक्का. शिक्का सोबत कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"घरी ठेवला तं कोणीबी मारन जी."

त्यांना मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा आजार होता. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागायचं, रक्त पडायचं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी थांबायचं आणि गोळ्या कमी केल्या की पुन्हा सुरू. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं: एका नव्या औषधाचा अभ्यास आपल्याकडे चालू आहे, त्यात या. तेही लागू पडलं नाही तर आतडं काढावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल.

चेअरमननी पोटावरून हात फिरवला. "पिशवी घेऊन छातीइतल्या पाण्यात कसा उतरू जी? मासे हासतील."

"लोक पिशवी लावून सगळं करतात. पोहतातसुद्धा," डॉक्टर म्हणाले.

"पोहू द्या. जाळं कोण ओढन?"

अभ्यासाची रीत मी सगळ्यांना सांगते तशीच त्यांना सांगितली. पहिले काही महिने काही जणांना खरं औषध, काही जणांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाच्या बाटलीत काय आहे ते रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरांना नसतं, मलाही नसतं, संगणक ठरवतो. जे शेवटपर्यंत टिकतात त्यांना पुढे खरं औषध मिळतं. म्हणजे चेअरमनसाठी अभ्यासात टिकणं आणि आतडं टिकणं ही एकच गोष्ट होती. ते त्यांना पक्कं समजलं. बाकीचं समजलं की नाही याची खात्री करायला मी विचारलं, "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"एका तलावावर तिघं जण गेले. एकाले रोहू दिला, दोघाले पाणी. अन् कोणाले काय देलं थे देणाऱ्यालेबी मालूम नाही." थोडं थांबून म्हणाले, "हे बरोबर नाही जी."

"पण नियम आहे."

"नियम हाय तं हाय," ते म्हणाले. हे वाक्य मी संमती म्हणून घेतलं. घ्यायला नको होतं.

संमतीपत्रावर सही करतानाही गोंधळ झाला. बरीच पानं होती. चेअरमननी ती बाकावर बसून मोठ्यानं वाचली, सगळी, साइड इफेक्टसकट. त्याच दिवशी ताई आणि मिलवाले भाऊही पहिल्या तपासणीला आले होते. तिघांचा आजार एकच. वाचून झाल्यावर चेअरमन म्हणाले, "ठराव मांडून घेऊ. सूचक?"

भाऊ दचकले. "म्हणजे?"

"तुम्ही सूचक. ताई, तुम्ही अनुमोदक. विरोधात कोणी? नाही. मंजूर." आणि सहीखाली सोसायटीचा गोल शिक्का मारून मोकळे. मी धावत आले तोपर्यंत त्यांनी भाऊंच्या कागदावरही शिक्का मारला होता. ताईंनी आपला कागद पदराखाली धरला होता म्हणून तो वाचला. संमती ज्याची त्याची असते, ती ठरावानं होत नाही, हे मी तिघांना बसवून पुन्हा समजावलं आणि नव्या कागदांवर सह्या घेतल्या. मासेमारांच्या सोसायटीचा औषधाच्या अभ्यासाशी काय संबंध, याचा खुलासा मला कंपनीला लेखी द्यावा लागला. तो एका पानात बसला नाही.

रोज किती वेळा जावं लागलं, रक्त किती, पोट किती दुखलं, हे रुग्णांनी घरी डायरीत लिहायचं असतं. लोकांना याची लाज वाटते. कोणी "ठीक" लिहितं, कोणी रेघ ओढतं. चेअरमनना लाज नव्हती, पण दफ्तराची सवय होती. त्यांची पहिली डायरी उघडली तर आत: "आज तुडुम सहा वेळा उघडला. पाणी लाल. पारीले दुखणं मध्यम." तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार आणि पार म्हणजे बांध, हे मला माहीत होतं. हैदराबादला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चेअरमन, आकडा लिहा फक्त." पुढच्या वेळी आकडे आले, खाली "अहवाल वाचून कायम" असा शेरा आणि सही. एवढी नियमित डायरी मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला ते झोपेचं इंजेक्शन घेईनात. आपल्या तलावाची पाहणी आपल्या गैरहजेरीत होऊ देणार नाही, असं म्हणाले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध दिलेलं असतं, टेबलावर आडवे होताच डॉक्टरांना विचारलं, "गाळ पूरा निंगला नं?" मग मान वळवून पडद्यावर स्वतःचं आतडं बघत राहिले. त्यांना दुखत होतं, मुठी आवळलेल्या दिसत होत्या. तरी मधेच म्हणाले, "थांबा जी. मांगं घ्या. थे पाहा, तिथून झिरपून राह्यलं." डॉक्टरांनी दुर्बीण मागे घेतली आणि तिथली जखम खरोखरच नजरेतून सुटली होती. त्या दिवसानंतर डॉक्टर त्यांना नावानं हाक मारेनात, तेही चेअरमनच म्हणू लागले.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला तो मात्र एका यादीमुळे. मी याद्या करणारी बाई आहे. घरी फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, ऑफिसात भिंतभर. दुसऱ्याची चांगली यादी मी लगेच ओळखते. चेअरमनकडे दिघोरीपासून भंडाऱ्यापर्यंतच्या रस्त्यावरच्या सगळ्या संडासांची यादी होती. पेट्रोल पंप, बस स्टँड, शाळा, दोन ढाबे, एका ओळखीच्या सरपंचाचं घर. प्रत्येकापुढे तीन रकाने: पाणी, कडी, माणूस. माणूस म्हणजे चावी देणारा माणूस चांगला की तिरसट. एका पंपापुढे लिहिलं होतं, "पाणी हाय, कडी नाही, गाणं म्हणत बसावं."

मी ती टाइप करून घेतली. ताईंनी तुमसर रस्त्याची भर घातली, भाऊंनी साकोलीकडची. आजही ती आमच्या बाकासमोर लावलेली आहे. त्या अभ्यासातला एकही दुसरा कागद इतक्या लोकांनी वाचलेला नाही.

आता माझी चूक. या तिघांना तपासणीला एकाच मंगळवारी बोलावण्याची शिस्त माझी. रक्ताचे नमुने एकदाच पाठवता येतात, नवीन बाटल्या एकदाच काढता येतात, डॉक्टरांचा वेळ वाचतो. मला तेव्हा ही व्यवस्था फार आवडली होती. तिघं सकाळी यायचे, बाटल्या घ्यायचे, मागच्या टपरीवर चहा प्यायचे आणि आपापल्या बसला लागायचे. पुढच्या खेपेला उरलेल्या कॅप्सूल परत आणायचे आणि मी मोजायची.

मोजणी हा आमच्या कामाचा कंटाळवाणा भाग. माणसं विसरतात. कोणी दोन दिवस घेत नाही, कोणी एकदम जास्त घेतं, कोणाची बाटली उंदीर नेतो. या तिघांचं मात्र प्रत्येक वेळी बरोबर. तिघांच्याही बाटलीत सारख्याच कॅप्सूल उरलेल्या, एकही इकडची तिकडे नाही. मी खुश होते. खुश असणारा माणूस प्रश्न विचारत नाही.

प्रश्न १९ नोव्हेंबरला मॉनिटरनं विचारला, तोही कौतुकानंच. तरुण, नीटस मुलगा, बोलायचा हिंदीत. "मॅडम, तीन पेशंट, तीन अलग गांव, और हर बार एक जैसा काउंट? मैं ये सबको दिखाना चाहता हूं. आपने क्या ट्रेनिंग दी इनको?"

मी नम्रपणे काहीतरी म्हणणार इतक्यात दार उघडलं. मॉनिटरनं रुग्णांशी बोलायचं नसतं, पण चेअरमनना ते कोण सांगणार?

"ट्रेनिंग हमारी है साहब," ते म्हणाले. "हम बताते जी."

टेबलावर चहाबरोबर आलेली बिस्किटांची ताटली होती. चेअरमननी खांद्यावरचा दुपट्टा काढून टेबलावर पसरला, ताटली त्यावर उपडी केली आणि सगळी बिस्किटं हातानं कालवली. "ये समझो तीनों की बाटली. एक जगा की." मग दाराकडे वळून, "भाऊ, या. ढिगारे लावा." भाऊ आत आले, कानकोंडे होऊन, पण सवयीचे हात, बघता बघता तीन सारखे ढीग लागले. उरलेलं एक बिस्किट चेअरमननी बाजूला सरकवलं.

"आता तुम्ही पाठ करा साहब. भीताडाकडे."

मॉनिटरनं खरंच पाठ केली. का केली, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. चेअरमननी एका ढिगावर बोट ठेवलं. "ये किसका?"

भिंतीकडे तोंड करून मॉनिटर म्हणाला, "दीदी का."

"ये?"

"भैया का."

"बस. उरला तो माहा." चेअरमननी दुपट्टा झटकला. "आमच्या तलावावर मासे असेच वाटतेत. जाळ्यात कोणाच्या का येईना, माल एका जागी. पाठ करणाऱ्याले ढीग दिसत नाही, बोट ठेवणाऱ्याले नाव मालूम नाही. तुमच्यासारखंच हाय जी. कोणालेच काही मालूम नाही!" आणि माझ्याकडे बघून, शाबासकीची वाट पाहत: "बाई म्हणत होत्या, एकाले खरा माल अन् दोघाले खोटा असू शकते. मंग तिघं थोडे थोडे खरे नाही का झाले?"

मॉनिटर अजून भिंतीकडेच बघत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला.

मग त्याचा अर्थ काय होतो ते मी तिघांना सांगितलं. कोणी काय घेतलं हे आता कोणालाच कधी कळणार नाही. तिघांची सगळी माहिती बाद होणार. आणि कंपनीला वाटलं तर तिघंही अभ्यासातून बाद. बाद म्हणजे पुढचं खरं औषधही नाही.

चेअरमन खुर्चीवर बसले. त्या आधी आणि नंतरही मी त्यांना न विचारता बसलेलं पाहिलं नाही.

"लिहिलंच पाहिजे का बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मॉनिटरनं वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की वही मिटावी आणि बिस्किटं वाटावीत. पण हे औषध उद्या हजारो लोक घेणार, ते आमच्या कागदांवर विसंबून. मी म्हटलं, "लिहिलंच पाहिजे."

"बरोबर हाय," चेअरमन म्हणाले. उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला. "मंग ठराव लिहा. डोकं चेअरमनचं, हात चेअरमनचे. या दोघाले काही मालूम नव्हतं, मीच यांच्या बाटल्या घेतल्या. चेअरमनले काढावं, या दोघाले ठेवावं. सूचक मीच. अनुमोदक?"

ते ताईंकडे वळले.

"ताई, अनुमोदक."

"खोटं नका बोलू काका," अंगणवाडी ताई म्हणाल्या. त्यांच्या पोटाला पहिल्यांदा आराम पडला होता. दोन महिन्यांत रक्त बंद झालं होतं, त्या पुन्हा पोरांना घेऊन अंगणात बसू लागल्या होत्या. सगळ्यात जास्त गमावण्यासारखं त्यांच्याकडेच होतं. "पाठ करून नावं कोण घेत होतं? मी. मले काय मालूम नव्हतं?"

"भाऊ, तुम्ही तं बोला."

भाऊ खाली बघून म्हणाले, "ढिगारे मी लावत होतो जी. मिलमध्ये वजनाचंच काम हाय माहं. मले कसं मालूम नसन?"

"अरे, अनुमोदन द्यायचं हाय, कबुली नाही!" चेअरमन चिडले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत अनुमोदक न मिळालेला हा एकच ठराव. तो पडला. मी पडला असं लिहिलं नाही, पण तिघांनी काय सांगितलं ते शब्दशः लिहिलं आणि नैतिकता समितीकडे पाठवलं. सोबत, हे तिघं एकाच दिवशी एकत्र आले याला माझं वेळापत्रक कारण आहे, असंही लिहिलं.

नंतरचे आठवडे वाईट गेले. औषध थांबलेलं. भाऊंचा त्रास परत सुरू झाला. चेअरमनच्या डायरीतला आकडा सहा, मग आठ, मग दहा. एका मंगळवारी ते आले तेव्हा बाकावरून उठताना त्यांनी भिंत धरली. डॉक्टर मला आत घेऊन म्हणाले, सर्जनशी बोलून ठेवा. मी बोलून ठेवलं. समितीसमोर डॉक्टर दोनदा गेले. तिथे त्यांनी एवढंच मांडलं की या लोकांनी औषध विकलं नाही, फेकलं नाही, लपवलंही नाही. उलट स्वतः येऊन सांगितलं.

शेवटी उत्तर आलं. तिघांची माहिती निकालात धरायची नाही; पण तपासण्या सगळ्या झालेल्या आहेत आणि आजार जोरात आहे, म्हणून तिघांना आजपासून खरं औषध द्यावं. अट एकच: तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावं. मी लगेच नवीन वेळापत्रक केलं. ताई मंगळवारी, भाऊ बुधवारी, चेअरमन गुरुवारी.

मंगळवारी तिघंही बाकावर हजर.

"औषध आपापलं घेऊ जी," चेअरमन म्हणाले. "पण या रोगाच्या माणसानं एकटं बसनं प्रवास करू नये. कोणीतरी ड्रायवरले थांबवाले पाह्यजे."

मी दिवस बदलले नाहीत. ज्याचा दिवस त्यालाच बाटली दिली, तीही खोलीत, पहिली कॅप्सूल माझ्यासमोर गिळायला लावून. बाकीचे दोघं सोबत म्हणून येत राहिले, वर्षभर. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरल्यावर मोठं जाळं पडतं, त्या दिवसाचा फोटो चेअरमननी भाऊंच्या मोबाइलवरून मला पाठवला. छातीइतक्या पाण्यात उभे. पोट पाण्याखाली होतं, पण त्या पोटाची दुर्बीण महिन्याभरापूर्वीच झाली होती आणि डॉक्टरांना जखम शोधावी लागली होती.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. अभ्यास संपला, आणि संपल्यावर कंपनीकडून पत्र येतं तसं आलं: पहिल्या महिन्यांत कोणत्या रुग्णाच्या बाटलीत काय होतं. ते प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं आणि सही घ्यायची, हे माझं काम. पत्रात नावं नसतात, क्रमांक असतात. मला क्रमांक पाठ आहेत. ताईंची बाटली बिनऔषधाची. भाऊंचीही बिनऔषधाची. खरं औषध तिघांत एकाच बाटलीत होतं, आणि ती बाटली चेअरमनची होती. ते दर खेपेला दोन वाटे देत होते.

ताईंना आणि भाऊंना मी फक्त त्यांचं त्यांचं सांगितलं. दोघांनी सही केली. चेअरमन येतात, चहा पितात, यादीत नवीन पंपाची भर घालतात, आणि मी पत्र काढलं की उठतात. शेवटी मी त्यांना बाहेर रिक्षापर्यंत जाऊन गाठलं.

"चेअरमन, दोन मिनिटांचं काम आहे. ऐकायचं आणि सही करायची."

"नका सांगू बाई."

"काहून?"

"माल माहा होता असं निंगालं तं थे दोघं माह्यासमोर मान खाली घालून बसतीन. माहा नव्हता असं निंगालं तं मी बसन. आता तिघं सरळ बसतो जी. बसू द्या." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चाल बापू."

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत: 'रुग्णाला माहिती दिली' आणि 'रुग्णाशी संपर्क होऊ शकला नाही'. माहिती दिलेली नाही. संपर्क दर महिन्याला होतो. तिसरा चौकोन द्यावा, असं मी कंपनीला दोनदा कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की फॉर्म बदलत नाही, उपलब्ध पर्यायांपैकी एक निवडावा. बाकी सगळ्या रुग्णांच्या फाइली बंद होऊन गोदामात गेल्या. चेअरमनची माझ्या टेबलावर आहे, दोन्ही चौकोन कोरे. या मंगळवारच्या यादीत ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे.